कात्री त्यांची, फर्मे तिचे

तोंडात चार खिळे धरून काकी सोफ्याच्या पाठीवर कापड ताणत होती, पण लक्ष सगळं रस्त्यापलीकडं. समोरच्या काचेच्या दर्शनी भिंतीच्या सोफ्यांच्या दुकानात तिच्याकडचे कापड कापणारे मास्तर बसले होते. नुसते बसले नव्हते, हसत होते. तिथला मालक, म्हणजे काचवाला, त्यांच्या हातात चहाचा कप देत होता आणि मास्तर एका खुर्चीची पाठ थोपटून त्याला काहीतरी समजावत होते. काकीनं दात असे आवळले की एक खिळा पोटातच जायचा.

"ह्या माणसाला आपल्या दुकानात हसताना बघितलंय कुणी?" खिळे हातावर थुंकत ती म्हणाली.

कुणी बघितलं नव्हतं. मास्तर म्हणजे तोंडाला कुलूप. पण कात्री हातात आली की कापड आपणहून वाट देणार. काका गेले तेव्हा सगळे नातेवाईक म्हणाले, बाईमाणसानं सोफे-खुर्च्यांचं दुकान काय चालवायचं, विकून मोकळी हो. मास्तर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी वेळेवर आले, कापड पसरलं आणि म्हणाले, "वहिनी, आधी खिळा ठोकायला शिका." तेव्हापासून कापायचं त्यांनी आणि ठोकायचं काकीनं. अंगठे काळेनिळे करून घेत शिकली ती. आता तिच्यासारखं ताणून ठोकणारं ह्या रस्त्यावर कुणी नाही, आणि आहे म्हणणाऱ्यानं समोर येऊन म्हणावं.

पण समोरच्या दुकानावर ती जळायची. काचवाल्याकडं नवी मशीन, मोठे दिवे, आणि टेबलं अशी उंच की वाकायला लागत नाही. मास्तरांची कंबर दुखते हे काकीला माहीत होतं. टेबल उंच करून घेऊ, असं ती दरवर्षी म्हणायची. दरवर्षी राहायचं.

त्या संध्याकाळी मास्तर घरी गेल्यावर तिनं त्यांची कात्री उचलून कपाटात टाकली आणि किल्ली कमरेला खोचली. कात्रीशिवाय जातात कुठं, बघू.

सकाळी मास्तरांनी टेबल चाचपलं. "वहिनी, कात्री?"

"ज्याच्याबरोबर काल चहा ढोसलात, त्याच्याकडं मागा. नवी कोरी देईल."

"त्याची एक खुर्ची फसली होती. ती बघायला गेलो होतो."

"आपल्या खुर्च्या बघायला दिवस पुरत नाही तुम्हाला."

"कात्री माझी आहे, वहिनी. माझ्या वडिलांची."

"आणि दुकान कुणाचं?"

मास्तर वळले. मग दुकानातली जुनी कात्री घेऊन दिवसभर कापत बसले. एक कापड तिरकं गेलं नाही. संध्याकाळी दोन ओळी लिहून टेबलावर ठेवल्या: महिन्याभरानं काम सोडतोय, ही आगाऊ सूचना.

काकीच्या पायाखालची जमीन सरकली. पण कबूल करेल ती काकी कसली. "बघितलं? आधीच ठरलं होतं ह्यांचं. मी काय वेडी आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती कामगार कार्यालयात. तिथल्या अधिकारी बाईंच्या खुर्चीतून फोम बाहेर लोंबत होता. काकीची नजर आधी तिथंच गेली. मग तिनं मास्तरांची चिठ्ठी पुढं टाकली आणि समोरच्या दुकानाचं सगळं सांगितलं.

"ह्या माणसाला बांधून ठेवेल असा कायदा सांगा."

"माणूस बांधायचा कायदा नसतो, काकू," बाई म्हणाल्या. "त्यांनी महिनाभर आधी सांगितलंय. तो महिना त्यांनी काम करायचं, तुम्ही पगार द्यायचा. मधेच टाकून गेले तर माझ्याकडं या. खुर्च्यांचे आकार कशावर कापता?"

"पुठ्ठ्याचे फर्मे आहेत. आमच्या ह्यांनी केलेले."

"म्हणजे दुकानाचे. ते समोर नेले तर मी तुमच्या बाजूनं उभी. आणि त्यांची हत्यारं?"

काकीनं कमरेची किल्ली चाचपली.

"काकू?"

"कात्री कपाटात आहे."

"आजच द्या. नाहीतर मला त्यांच्या बाजूनं उभं राहावं लागेल."

"तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?"

"ज्याचं जे आहे, त्याच्या. आणि ऐका, अजून एक—"

"आधी स्वतःची खुर्ची नीट करा, मग न्याय करा," म्हणत काकी उठलीसुद्धा.

दुकानात येऊन तिनं कात्री टेबलावर ठेवली. मास्तरांनी पात्यावरून बोट फिरवलं आणि कामाला लागले. तो महिना दुकानात फक्त कात्री आणि हातोडी बोलत होती. मास्तरांनी पाणी प्यायला मान वर केली तरी काकीला वाटायचं, समोर बघितलं. संध्याकाळी ते घडी केलेलं कापड उलगडून परत घडी करायचे.

"वहिनी, अजून काही?"

"काही नाही."

रोज तेच. रोज तेवढंच.

शेवटच्या दिवशी मास्तरांनी सगळे फर्मे भिंतीवर ओळीनं टांगले, कात्री फडक्यात गुंडाळली आणि उंबऱ्यात उभे राहिले. बराच वेळ.

"येतो, वहिनी."

"या," काकी म्हणाली आणि हातोडी इतक्या जोरात मारली की खिळा वाकला.

मग ते काचेतून दिसायला लागले. उंच टेबलापाशी, ताठ. काकी रोज बघायची, हसतात का. आठवड्यानं सुतार बोलावून तिनं आपलं टेबल उंच करून घेतलं. आता कुणासाठी, असं विचारायची हिंमत कुणाची झाली नाही.

बऱ्याच महिन्यांनी ती फोम लोंबणारी खुर्ची दुकानात आली. मागोमाग बाई स्वतः. काकी तोंडात खिळे धरून एका सोफ्यात अडकली होती.

"तुमचे मास्तर दिसत नाहीत?" बाईंनी विचारलं. "थांबवलं नाही तुम्ही? तुम्ही आला होतात त्याच संध्याकाळी तेही आले होते माझ्याकडं. कात्री मिळाली म्हणाले, आणि विचारलं, दिलेली सूचना मागं घेता येते का. म्हटलं, येते की. मालकिणीनं फक्त थांबा म्हणायला पाहिजे."