नाव न घेता

आमच्या चर्चच्या मंडळीत कुणी कुणाची चहाडी करत नाही. ते पाप आहे. म्हणून आम्ही एकमेकांसाठी मोठ्याने प्रार्थना करतो.

इस्त्रीवाल्या मावशी इथल्या जुन्या सभासद. पाळकसाहेबांचा पांढरा झगा त्या फुकट इस्त्री करून द्यायच्या आणि ते करताना ओठांतल्या ओठांत स्तोत्र म्हणायच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा चोरीपायी तुरुंगात होता. आम्हाला मात्र त्यांनी तो परगावी नोकरीला आहे असंच सांगितलं होतं. सुटून आल्यावर त्याला बेकरीवाल्याने कामाला ठेवलं, दुकानाची किल्लीसुद्धा दिली. हा बेकरीवाला आमच्यातलाच, पहिल्या बाकावरचा, पण त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. पोरगा मान खाली घालून काम करायचा. मावशींनी फारच लकडा लावला तेव्हा रविवारी उपासनेलाही यायला लागला. त्याचं हे बस्तान टिकावं, एवढंच त्या माउलीला हवं होतं.

पण एकट्या देवाला सांगून तिचं समाधान होईना. प्रार्थना सभा चालवणाऱ्या मास्तरीणबाईंचं वर वजन आहे, अशी आम्हा सगळ्यांचीच समजूत. मावशींनी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं आणि पोराचं नाव तेवढं घेऊ नका म्हणून हात जोडले.

बाई शब्दाच्या पक्क्या. रविवारी उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “हे प्रभू, मी नाव घेत नाही, पण आमच्या इस्त्रीवाल्या बहिणीचा मुलगा चोरीची शिक्षा भोगून आलाय. त्याचा हात पुन्हा कुणाच्या गल्ल्याकडे जाऊ देऊ नकोस.”

सगळे आमेन म्हणाले. बेकरीवाल्याचं आमेन सर्वांत मोठं होतं. मुलगा आईच्या शेजारीच बसला होता.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्याने किल्ली मागून घेतली. क्षमा आपण केव्हाच केली आहे, पण धंद्याची गोष्ट वेगळी, असं म्हणाला. मुलाने घरी येऊन पिशवी भरली. मावशींची खोली माझ्या भिंतीला लागून, त्यामुळे पुढचं मला ऐकू आलं. त्या दारात आडव्या आल्या, रडल्या. तो शांतपणे म्हणाला, “प्रार्थना दार लावून कर, असं येशूने सांगितलंय ना, आई? तूच शिकवलं होतंस.”

तो गेला, त्याचा पुढे पत्ताच लागला नाही.

मावशी सभेला यायच्या चुकल्या नाहीत. जाणार तरी कुठे? परवा बाईंनी सगळ्यांदेखत त्यांना विचारलं, काही विनंती आहे का? माझा संताप संताप झाला, कारण बाईंच्या चेहऱ्यावर खरोखरच माया होती. मावशींनी मांडीवरच्या झग्याची घडी उगाचच पुन्हा नीट केली.

“काही नाही बाई,” त्या म्हणाल्या. “माझं सगळं बरं चाललंय.”

बाईंना भरून आलं. त्यांनी तिथल्या तिथे डोळे मिटले आणि आपली प्रार्थना ऐकल्याबद्दल प्रभूचे आभार मानले. सगळे आमेन म्हणाले.