करी रोडचे दोन नकाशे

पडदा उघडतो. करी रोडच्या आमच्या चाळीचा तिसरा मजला. गॅलरीत दोन स्टुलं, तिसऱ्यावर लॅपटॉप, कठड्यावर वाळणारे टॉवेल. मागे नेपथ्यासारखा उभा काचेचा टॉवर. डावीकडून प्रवेश करते अक्षदा. माझी शेजारीण, गिरणी कामगाराची लेक, नकाशे बनवणाऱ्या कंपनीतली जुनी कर्मचारी.

कंपनीने आमच्याच भागाचा नकाशा तिला आणि आणखी एकीला वेगवेगळा रंगवायला दिला होता. घरं पिवळी, दुकानं लाल, गिरण्या-कारखाने जांभळे. दुसरी होती मृणालिनी, पुण्याहून नवी आलेली. तिसऱ्याच माणसांनी गल्लोगल्ली फिरून केलेल्या नकाशाशी सॉफ्टवेअर दोन्ही ताडून बघणार होतं. जिचा जास्त जुळेल ती टीमची प्रमुख.

"नाना, कालची पोर ती!" अक्षदा रोज माझ्या दारात येऊन सांगायची. "साहेब तिच्या खुर्चीमागे उभे राहून 'छान, छान' करतात. माझ्यामागे येतात ते पंख्याचं बटण शोधायला."

नाटकांत जन्म गेला माझा; नायिकेला टाळी पडली की विंगेत जळणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या. पण इतकं मोकळेपणाने जळणारी ही पहिलीच.

निकाल दोघींनी मिळून बघायचा होता. अक्षदाने मृणालिनीला घरीच बोलावलं. आपल्या अंगणात हरवायचा बेत! चहात साखर घालायला विसरली. विसरली, असं ती म्हणाली. मृणालिनी बिचारी मुकाट प्यायली.

सॉफ्टवेअरने नकाशे एकावर एक ठेवले, चौकोनाला चौकोन लावून. आकडा आला. मृणालिनीचा जास्त.

"माझं चुकलं कुठे, ते दाखव," अक्षदा म्हणाली.

न जुळलेली जागा लॅपटॉपच्या पडद्यावर काळी झाली. एकच मोठा डाग. आमच्या पाठीमागच्या टॉवरचा. अक्षदाने तिथे पिवळ्याऐवजी जांभळा भरला होता.

मी हसलो नाही. मिल पाडून तिथे टॉवर झाला, तरी आमच्याकडे अजून 'मिलच्या गेटवर थांब' असंच सांगतात. टॉवरमधली माणसंसुद्धा आमच्या लेखी 'मिलमध्ये' राहतात. तिचे वडील त्याच मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, कापड विणायचे. हात आपसूक जांभळ्याकडे गेला असणार.

"थोडे मार्क तरी द्यायचे मेल्याने!"

"त्यांच्या नकाशात हा रंग शेजारच्या चौकोनात असला, तरी थोडे देतं सॉफ्टवेअर, ताई," मृणालिनी हळूच म्हणाली. "पण इथे आसपास जांभळा उरलाच नाही."

अक्षदाने कठड्यावरचा टॉवेल बाजूला सारून टॉवरकडे बघितलं. मी विंगेतल्यासारखा दाराआड.

"ताई, मिलचं गेट नेमकं कुठे होतं? दाखवाल मला?"

अक्षदाने चपला पायात सरकवल्या. जिन्याशी थबकून वळली.

"चल, दाखवते. खाली साखरेचा चहापण पाजते. पण दिसायला माझाच नकाशा बरा होता, एवढं कबूल कर आधी."