आफ्रिकेला गेलेली बायबलं

माझ्या सख्ख्या बहिणीला मी आफ्रिकेत पेटीभर बायबलं पाठवली, आणि त्याबद्दल तिने मला अजून क्षमा केलेली नाही. (क्षमा करावी, असं त्या प्रत्येक बायबलात लिहिलेलं आहे!)

घरोघरी नुकते रंगीत टीव्ही येत होते तेव्हाची गोष्ट. धाकटी मनू मिशनच्या इस्पितळात नर्स म्हणून आफ्रिकेला गेली. आईवडील आधीच गेलेले, माझं लग्न काही जमत नव्हतं, त्यामुळे मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत उरलो मी आणि प्रेशर कुकर. त्यातल्या त्यात बोलका कुकर! एकटं वाटायचं, फार वाटायचं. कारखान्यातून आलो की कुलूप काढून थोडा वेळ उंबऱ्यातच उभा राहायचो.

अशात एका रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी सूचना केली, "परदेशी सेवा करणाऱ्या आपल्या भावाबहिणींना पुस्तकांची गरज आहे. देणारे आणि घेणारे यांची गाठ घालून द्यायला कोण तयार आहे?"

माझा हात वर! हिशोब सोपा होता. लोक पुस्तकं द्यायला घरी येतील, बसतील, चहा घेतील, चार गोष्टी बोलतील. शिवाय पहिली पेटी मनूच्याच इस्पितळाला जाणार होती. मी शोकेसमधले चांगले कप धुऊन ठेवले.

पण कुठली पुस्तकं हवीत, हे पाळकसाहेब बोलले नव्हते आणि मीही विचारलं नव्हतं. आता ख्रिस्ती घरात बायबलं साठतात कशी, तर बाप्तिस्म्याला एक, लग्नाला एक, शाळेत बक्षीस म्हणून एक, वर आजोबांचं एक. वाचायला एक पुरतं, आणि उरलेली रद्दीत घालायची छाती कोणाची होणार? माझी पेटी म्हणजे अख्ख्या मंडळीला सापडलेला तोडगा होता.

"शमुवेल, हे आमच्या आजोबांचं. वाळवी लागलीय, पण फक्त वंशावळीच्या पानांना. ती तशीही कोणी वाचत नाही!"

"या ना, बसा. चहा टाकतो."

"नको रे, दूध गॅसवर ठेवून आलेय."

त्या महिन्यात सगळ्या मुलुंडचं दूध गॅसवर होतं. पुस्तक दारात द्यायचं आणि पळायचं. कप तसेच राहिले.

एकट्या समोरच्या राणेकाकू आत आल्या, त्याही हातात जुनी पोथी घेऊन. "शमू, ही पण घाल रे त्या पेटीत. रद्दीत घालूक जीव होणा नाय."

"काकू, हे मिशनचं काम आहे!"

"मगे? देव काय थंय तिकीट इचारतलो? आणि पेटी दर्यातसूनच जातली मा? म्हणजे इसर्जनच झाला!"

पोथी आत गेली. पुस्तकं हलू नयेत म्हणून काकूंनीच एक कव्हर फाटलेला दिवाळी अंक आणि जुनी वर्तमानपत्रं आणून दिली. त्यांतली लागतील तेवढी पानं चुरगळून मी कोपऱ्यात ठासली, उरलेला अंक काकूंना परत दिला, आणि पेटी जहाजाने रवाना केली.

काही महिन्यांनी मनूचं उत्तर आलं.

"प्रिय दादा, सप्रेम सलाम. पेटी आली तशी मी जेवण सोडून उघडायला धावले. दादा, अरे, मी मिशनमध्ये आहे! इथे बायबल सोडून दुसरं पुस्तक नाही, म्हणून तर पुस्तकं मागितली ना! इथली माणसं मायाळू आहेत रे, पण मराठीत भांडायला कोणी नाही. मग तू कोंबलेले कागद काढले, इस्त्री केले आणि वाचत बसले. तूरडाळीचे भाव वाचून रडले. पण त्यात एका गोष्टीचं शेवटचं पान नाहीये. माधवी एसटी स्टँडवर उभी आहे, मोहन धावत येतो, म्हणतो, 'माधवी, एक सांगायचं राहिलं,' आणि पान संपलं! काय सांगायचं राहिलं? ताबडतोब कळव. मला झोप नाही."

पोरगी सातासमुद्रापलीकडे मराठी बोलण्यासाठी तळमळतेय, आणि मी तिला वाळवीसकट वंशावळ पाठवली! तडक समोरचं दार ठोठावलं.

"काकू, त्या दिवाळी अंकाचा उरलेला भाग?"

"तो? रद्दीत गेलो."

"बरं, मोहन माधवीला काय सांगतो, ते तरी आठवतं?"

"खयचो मोहन? मी फकस्त राशीभविष्य वाचतंय!"

रद्दीवाल्याकडे धावलो. "वो तो चनेवाले के पास गया, साब." चणेवाल्याकडे गेलो. रोज संध्याकाळी चणे घ्यायचे आणि पुडी उलगडून वाचायची. सातवीची भूमिती निघाली, श्रद्धांजल्या निघाल्या, माधवी काही निघाली नाही. पोटाची मात्र पार वाट लागली. लायब्ररीत गेलो तर ते म्हणाले, "कुठला अंक?" अंकाचं नाव कोणाला ठाऊक होतं!

शेवटी शेवट मीच लिहायला बसलो. कारखान्यातल्या स्टोअर्स खात्याच्या पत्रांपलीकडे मी जन्मात काही लिहिलं नव्हतं. पहिल्या खर्ड्यात मोहन म्हणाला, "माधवी, वरील विषयास अनुसरून कळवण्यात येते की..." तो फाडला. असे बरेच फाडले. मग एकदा मोहन आपणहून बोलला, "तू गेलीस की घरात फार शांत होतं गं." हे वाक्य मी खोडलं नाही. लायब्ररीतल्या अंकातून उतरवून घेतलं, अशी थाप मारून कागद पोस्टात टाकला.

मनूचं उत्तर या वेळी लवकर आलं. "दादा, हा लेखक कोण मला ठाऊक नाही, पण बिचारा कधी प्रेमात पडलेला दिसत नाही. माधवी चक्क हो म्हणते, आणि हा गाढव मोहन तिची बॅग उचलायची सोडून एसटीचं वेळापत्रक वाचत बसतो! इथल्या नर्सेसना सांगितलं, तर सगळ्या पोट धरून हसल्या. ते शांत घराचं वाक्य मात्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. पुढचा भाग लिहील का तो? विचार ना."

विचारलं. लेखक एका पायावर तयार झाला. संध्याकाळी त्याला नाहीतरी कोण बोलावत होतं!