क्रेनवाल्याचं पोट

आमच्या यांना साइटवर सगळे ‘घार’ म्हणतात. उंच क्रेनच्या डोक्याशी कपाटाएवढी काचेची केबिन असते, तिच्यात बसून हे सळ्यांचे गठ्ठे जमिनीवरून उचलतात आणि वरच्या मजल्यांवर नेऊन ठेवतात. इतक्या उंचीवरून माणूस मुंगीएवढा दिसतो, पण यांना त्याच्या हेल्मेटचा पट्टा लावलाय की नाही तेही कळतं, असं मुकादम चारचौघांत सांगत असतो. घरी नाकासमोरची मिठाची बरणी सापडत नाही, तो भाग वेगळा.

त्या केबिनीत पंखा आहे, रेडिओ आहे, संडास नाही. खाली यायचं तर शिडी, आणि हे उतरून पुन्हा चढेपर्यंत सगळी साइट हातावर हात ठेवून बसणार. म्हणून क्रेनवाल्यांची आपली एक रीत आहे. वर जाण्याआधी पाणी प्यायचं नाही, आणि वर गेल्यावर पोटाचं ऐकायचं नाही. लघवीला बाटली असते, दुसऱ्या गोष्टीला दिवस मावळेपर्यंत परवानगी नसते. यांच्या उस्तादाने पहिल्या दिवशी हेच शिकवलं, क्रेनचे दांडे नंतर. यांनी ते इतकं मनावर घेतलं की पुढेपुढे पोटानेच सांगणं सोडून दिलं.

तेव्हापासून सकाळचं बाथरूम यांच्या मालकीचं. मी दाराबाहेरून विचारायची, “चहा आतच पाठवू का?” सासूबाईंनी चूर्ण दिलं, शेजारणीने एरंडेल आणून दिलं, वाण्यानेसुद्धा न विचारता सल्ला दिला. ज्याला म्हणून पोट आहे तो या बाबतीत वैद्य असतो. हे सगळ्यांचं ऐकायचे, सगळं घ्यायचे आणि कुणालाच काही बोलायचे नाहीत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

यंदा कंपनीने फर्मान काढलं की सगळ्या क्रेनवाल्यांची डोक्यापासून पायापर्यंत तपासणी होणार. जो नापास होईल त्याला खाली आणून गोदामात बसवणार, स्क्रू आणि नटबोल्ट वाटायला. यांच्यासारख्या माणसाला गोदामात बसवणं म्हणजे जिवंतपणी पेटीत ठेवणं. संध्याकाळी घरी आले की हे पँटचं बटण सोडून भिंतीकडे तोंड करून पडत, जेवायला उठत नसत. एके दिवशी आपणहून म्हणाले, “तपासणीच्या आधी कुणाला तरी दाखवून येऊ.” हे शब्द यांच्या तोंडून ऐकून मला धडकीच भरली, कारण हा माणूस दाढ किडली तरी ती आपोआप पडायची वाट बघणारा.

पहिल्या डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, “आठवड्यातून किती वेळा होतं?”

“रोज,” हे म्हणाले.

“मग बद्धकोष्ठ कसलं?” झालं, दोन गोळ्या देऊन बोळवण. खोटं काही नव्हतंच, रोज व्हायचं. बोराएवढं, तासभर झुंजल्यावर. पण ते त्यांनी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. रोग रेड्याला, औषध पखालीला.

म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना यांना बोलतं करायला मी माझ्या धाकट्या भावालाही बरोबर घेतलं. तो यांचा सिग्नलमन. हुकाखाली उभं राहायचं आणि गठ्ठा कधी उचलायचा, कुठे थांबवायचा हे वॉकीटॉकीवर वर कळवायचं, हे त्याचं काम. यांनीच त्याला तिथे चिकटवलं. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून हे सळी हलवत नाहीत, आणि तो दुसऱ्या कुणाच्या हुकाखाली उभा राहत नाही. एवढा एकमेकांवर जीव.

या डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या. खोलीत एक वजनकाटा, एक पडदा आणि खुर्च्या इतक्या जवळ की आमचे गुडघे एकमेकांना लागत होते. त्यांनी विचारलं, “रोज होतं, बरं. पण झाल्यावर मोकळं वाटतं का?”

यांनी पहिल्यांदाच मान वर केली. म्हणाले, “नाही. काहीतरी राहिलंय असंच वाटतं.”

मग कुंथावं लागतं का, खडा होतो का, रक्त जातं का, पोट फुगतं का, असं त्या एकेक विचारत गेल्या आणि हे प्रत्येकाला हो म्हणत गेले. मी ऐकतच राहिले. रक्ताचं तर मला ठाऊकच नव्हतं. एका छपराखाली राहून माणूस इतकं लपवतो?

शेवटी बाईंनी पेन खाली ठेवलं. “समजा, यातला एकच त्रास मला आधी घालवता येणार आहे. कोणता घालवू?”

“अहो, बाथरूममधला तास घालवा,” मी म्हणाले.

“रक्त, ताई. आधी रक्त थांबायला हवं,” भाऊ म्हणाला.

“तुम्ही दोघं थांबा. यांना सांगू द्या.”

यांनी स्वतःच्या पोटाकडे बघितलं. मग म्हणाले, “फुगणं घालवा. बाकीचं मी सोसतो.”

मला हसूच आलं. “ते का? लग्नाचा कोट चढत नाही म्हणून?”

“दुपारी डबा खाल्ला की पोट नगाऱ्यासारखं होतं,” ते बाईंनाच सांगत होते, माझ्याकडे बघत नव्हते. “खालचं बघायला पायाशी काच असते. तिच्यातून हुकाखालचं दिसायला पुढे वाकावं लागतं. मला वाकता येत नाही. दुपारनंतर मला खालची माणसं दिसत नाहीत.”

हुकाखालची माणसं म्हणजे कोण, हे मला कुणी सांगायला नको होतं. तो माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसला होता.

“किती दिवस चाललंय हे?” मी विचारलं.

“वर्ष झालं असेल. सांगितलं असतं तर खाली बसवलं असतं. आणि सांगायचं तरी काय, पोट फुगतं म्हणून दिसत नाही? हसले असते सगळे.” मग भावाकडे वळून म्हणाले, “पण तू घाबरू नकोस. मी तुझ्या आवाजावर चालवतो. तू वॉकीटॉकीवर थांब म्हणालास की थांबतो.”

भाऊ यांच्याकडे बघतच राहिला. म्हणाला, “भावोजी, दुपारी आमच्या सेटची बॅटरी उतरते. नवी मागून मागून थकलो. दुपारनंतर मी नुसता हात दाखवतो.”

“मग मी थांबतो कसा?”

“मला वाटायचं, तुम्हाला माझा हात दिसतो.”

सेट गप्प असला की यांना वाटायचं सगळं ठीक आहे, आणि रोज जिथे थांबायचे तिथे अंदाजाने थांबायचे. भाऊ हात वर करायचा आणि गठ्ठा थांबला की त्याला वाटायचं, आपण थांबवला. वर्षभर दोघंही बिनघोर. वर्षभर माझा भाऊ त्या सळ्यांखाली उभा होता आणि त्याच्यावर कुणाचंच लक्ष नव्हतं.

“पोटाचं होईल नीट,” बाई हळूच म्हणाल्या. “वेळ लागेल, पण होईल. तोवर मात्र…”

यांनी त्यांना पुरतं बोलू दिलं नाही. खिशातून फोन काढला आणि तिथेच बसून मुकादमाला लावला. मांडीवर ठेवून स्पीकरवर टाकला.

“काय रे घार, उद्या लवकर ये, माल जास्त आहे,” पलीकडून आवाज आला.

“उद्या मला वर पाठवू नका,” हे म्हणाले. “मला खाली दिसत नाही.”

पलीकडे मुकादम हसला. त्याला वाटलं, घार थट्टा करतेय. यांनी तेच पुन्हा सांगितलं, तेव्हा त्याचं हसणं थांबलं.