बुटाची नाडी

त्यांना जिंकायला सात धावा हव्या होत्या, डोंगरावर पाऊस दिसत होता, आणि आमचा बोलर बुटाची नाडी बांधायला खाली बसला.

आमच्या तालुक्यात पावसाने मॅच थांबली तर पहिली बॅटिंग करणारं गाव जिंकलं असं धरतात. गेल्या वर्षी आम्हाला चारच धावा हव्या असताना त्यांच्या बोलरने अशीच नाडी बांधली होती. पाऊस आला आणि कप त्यांच्या गावाला गेला. आमचे हे त्या दिवशी जेवले नाहीत.

माझी नणंद त्याच गावात दिलेली. ती शेजारीच बसली होती.

“वहिनी, हा रडीचा डाव झाला.”

“तुमच्याकडूनच शिकलो.”

“दादा असता तर त्याला आवडलं नसतं.”

“तुझा दादा उपाशी राहिला, तेव्हा तू आमच्याच ओट्यावर पेढे वाटत होतीस.”

बोलरने दुसऱ्या पायाचीही नाडी सोडली. पाऊस शेतं ओलांडत येत होता. त्याला कुठे ठाऊक, तो कोणाचा सूड उगवतोय. तो येतो आणि पडून जातो. राग तसा जात नाही. माझा वर्षभर जागचा हलला नव्हता.

थेंब पडले, पंचांनी स्टंप उपटले. मला आनंद झाला. नंतर वाईटबिईट काही वाटलं नाही. मी छत्री उघडली. नणंदेला थोडं भिजू दिलं, मग आत घेतलं.

गेल्या वर्षी या बाकावर आम्ही तिघं होतो. हे थंडीत गेले. यंदा आम्ही दोघी होतो.