आज सापगावची पाळी

आपल्याच नोकरीची आयुष्यभर माफी मागत हिंडलेला माणूस शहापूर-मुरबाडकडे आमच्या धाकट्या काकांशिवाय दुसरा झाला नसेल. काका विजेच्या सबस्टेशनात ऑपरेटर होते आणि ते दिवस लोडशेडिंगचे होते. संध्याकाळी घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही एकदमच लागत, वीज पुरेनाशी होई आणि वरून फोन येई, लोड कमी करा. मग काका पाळीपाळीने एकेका बाजूच्या गावांची लाइन बंद करत. बंद करण्याआधी देवळात शिरताना काढाव्यात तशा पायातल्या चपला काढून ठेवत. दुसऱ्या दिवशी सायकल घेऊन त्याच गावांत जात, ओट्याओट्यावर थांबून समजावत, "मागणी वाढली नि कोनाचीच लाइन नाय काढली, तर सगळाच कारभार बसंल. मंग तुमी नाय, आमी नाय, मुंबई पन नाय." एका गिरणीवाल्याने शेवटी हात जोडले, "भाऊ, अंधार परवडला, पन तुमचं समजावनं नको." काकांनी त्याचीही माफी मागितली.

लेकीच्या हळदीला काका रजेवर होते. सापगावला दारात मांडव, बँजो, नवऱ्याकडची माणसं नुकतीच आलेली. तेवढ्यात घरातला फोन वाजला. सबस्टेशनातला जोडीदार विचारत होता, "भाऊ, लोड कमी करायचाय. पाळी सापगावची हाय. तुमची ठेवतो नि मुरबाडकडची काढतो, चालंल?"

काकी बाजूलाच उभी होती. काका तिच्याकडे न बघता म्हणाले, "तिकडची काल काढलेली. आज आपली काढ."

मांडव काळोखात बुडाला. बँजो अर्ध्यात थांबला, ढोल तेवढा थोडा वेळ एकटाच वाजत राहिला. व्याही तोंड फिरवून बसले. काकी सगळ्यांदेखत म्हणाली, "सगळ्या तालुक्याची काळजी हाय, पोटच्या पोरीची नाय."

हळदीने माखलेली मुलगी पाटावरून शांतपणे म्हणाली, "आई, दुसऱ्या कोनाची हळद असती, तर बाबांनी लाइन काढलीच असती ना गो?"

काकीने आत जाऊन कंदील लावून आणला. काका पुठ्ठ्याचा एक तुकडा घेऊन लेकीशेजारी बसले आणि वीज येईपर्यंत तिला वारा घालत राहिले.

आता वीज क्वचितच जाते. निवृत्त झालेले काका तिन्हीसांजेला ओट्यावर बसतात आणि रस्त्यापलीकडे उजळत जाणारी घरं बघतात. परवा मी गेलो तेव्हा हळूच म्हणाले, "आता पुरते का रे सगळ्यांना?"

मी हो म्हणालो. खरं तर मला ठाऊक नव्हतं.