दोन वर्षांच्या मुदतीचा भाऊ

आमच्या आत्याचा मुलगा अमेरिकेतून अनसिंगला परत आला आणि चौथ्याच दिवशी त्याने न्हाव्याकडे दाढीची पावती मागितली. न्हावी म्हणाला, "पावती कायले पाह्यजे बाप्पा? थोबाड घेऊन फिर, तोच पुरावा हाय."

मी पोट धरून हसले. त्याचा तरी काय दोष? तो सात वर्षांचा असताना आत्या-आतोबा त्याला तिकडे घेऊन गेले आणि व्हिसा संपला तरी तिथेच राहिले. पुढे अशा लहानपणी आलेल्या मुलांना तिथल्या सरकारने तात्पुरती सवलत दिली. दोन वर्षांच्या मुदतीचं कार्ड घ्या, राहा, कामधंदा करा, मग पुन्हा अर्ज करा. सलग तिथेच राहिल्याचे पुरावे दाखवायचे, म्हणून शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून दात काढल्याच्या बिलापर्यंत त्याने सगळं जपलेलं. ती खोड इथेही आली. साधी काडेपेटी आणली तरी दुकानदाराच्या मागे बिलासाठी लागायचा.

"तुले इथून कोन हाकलून राह्यलं?" असं मी दिवसातून दोनदा तरी विचारायची.

आतोबा वारले तशी आत्या एकटीच गावी परतली होती. आठ वर्षं मायलेक फोनवरच भेटले. आता तो समोर बसून भाकर खात होता, तरी आत्या रोज मला हळूच विचारायची, "त्याच्या कार्डाची मुदत कवा संपते वं?" मुदत संपायच्या आत तो परत जाणार, असंच ती धरून चालली होती.

मला ठाऊक होतं. परवानगीशिवाय देश सोडला की सवलत जाते, आणि हा पठ्ठ्या सगळं समजून-उमजून सोडून आला होता. पण आपल्यापायी पोराने एवढं सोडलं हे कळलं तर आई खचेल, ही त्याला धास्ती. "ताई, तू सांगू नको," म्हणाला. एवढा भित्रा माणूस विमानात बसलाच कसा, असं मी त्याला सुनावलं.

शेवटी एका दुपारी आत्या डाळ पाखडत बसली होती, तेव्हा त्याने सांगून टाकलं. "आई, ते कार्ड म्या सोडलं. आता दहा वर्षं तिकडं जाता येत नाही."

आत्या रडेल, नाहीतर सूप फेकून मारेल, असं मला वाटलं. तिचे हात थांबले.

"म्हंजे दहा वर्षांनी जाशीन?" तिने विचारलं.

महिनाभर त्याची टर उडवणाऱ्या मला एकदम रडू फुटलं.